फाडलेल्या कागदाचा जाब

कागद नष्ट करणे हा मुळात अपराध नव्हे. जेथे रोज शेकडो कागद निर्माण होतात अशा कोणत्याही कचेरीला जुन्या कागदांची विल्हेवाट लावल्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याकडील सरकारी दप्तरातसुद्धा अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावून कोणते अभिलेख कायम जतन करावयाचे आणि कोणते ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे याचे नियम चालत आलेले आहेत, आणि त्या नियमांबरहुकूम रद्दी काढणाऱ्या कारकुनाला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. परंतु कागद तोच, कारकून तोच आणि फाडण्याचे यंत्रही तेच असताना, त्या माणसाच्या मनात त्या क्षणी कोणता हेतू होता एवढ्या एका गोष्टीवरून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याला वीस वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो. हेतू डोळ्यांना दिसत नाही, तो परिस्थितीवरून अनुमानावा लागतो. आणि जो अपराध अशा अनुमानावर उभा राहतो त्यात आरोपीचा बचाव कसा करावयाचा, हा प्रश्न केवळ वकिलांच्या कुतूहलाचा नसून लेखणी, वही किंवा संगणक हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे, अशी माझी धारणा आहे.

ही शिक्षा सांगणाऱ्या कायद्याची कहाणी ह्यूस्टन शहरात सुरू होते. एन्‌रॉन या ऊर्जा कंपनीचे हिशेब तपासण्याचे काम आर्थर अँडरसन या पेढीकडे होते. १९१३ साली शिकागोत स्थापन झालेली ही पेढी जगातील पाच सर्वांत मोठ्या हिशेबतपासनीस पेढ्यांपैकी एक होती, आणि जगभर मिळून सुमारे ८५ हजार माणसे तिच्या चाकरीत होती. २००१ च्या उन्हाळ्यात एन्‌रॉनचा डोलारा हलू लागला. ऑगस्टमध्ये रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने, म्हणजे तेथील सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, अनौपचारिक चौकशी आरंभिली. १२ ऑक्टोबर रोजी अँडरसनच्या कायदा विभागातील एका वकीलबाईंनी पेढीचे दस्तऐवज जतन करण्याविषयीचे धोरण सहकाऱ्यांच्या निदर्शनास आणून देणारा एक साधा ई-मेल पाठविला. १६ तारखेस एन्‌रॉनने आपल्या नफ्यातून एक अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची वजावट जाहीर केली, आणि २३ तारखेस एन्‌रॉनचे काम पाहणारे भागीदार डेव्हिड डंकन यांनी आपल्या हाताखालच्या मंडळींना बोलावून त्याच धोरणाचे पालन करण्यास फर्माविले. त्यानंतर पुढील दोन आठवडे ह्यूस्टनच्या कचेरीत कागद फाडण्याची यंत्रे अखंड चालू राहिली. ८ नोव्हेंबरला आयोगाचे समन्स येऊन पोहोचले, आणि दुसऱ्या दिवशी डंकन यांच्या चिटणिसाने सर्वांना कळविले की, आता फाडाफाडी पुरे. २ डिसेंबर रोजी एन्‌रॉनने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

ज्याला या घटनाक्रमाची नुसती रूपरेषा ठाऊक आहे त्याला अपराधाविषयी शंका घेण्याचे कारणच वाटणार नाही. मलाही प्रथमदर्शनी वाटत नाही. तरी त्या वेळच्या कायद्यात एक चमत्कारिक उणीव होती. अद्याप सुरू न झालेल्या चौकशीपासून दडविण्यासाठी स्वतःच्या हाताने कागद फाडणाऱ्याला पकडणारे नेमके कलम नव्हते. जे होते ते दुसऱ्याला भ्रष्ट हेतूने फाडण्यास प्रवृत्त करणाऱ्याला शासन करणारे होते. त्यामुळे सरकारने मार्च २००२ मध्ये पेढीवर आरोप ठेवला तो असा की, तिने आपल्या नोकरांचे भ्रष्टबुद्धीने मन वळविले. खटला सहा आठवडे चालला. सात दिवस खल करून ज्यूरीने आमचे एकमत होत नाही असे सांगितले. न्यायाधीशांनी पुन्हा प्रयत्न करा म्हणून विनविल्यावर आणखी तीन दिवसांनी, १५ जून रोजी, दोषी ठरविणारा निकाल बाहेर पडला. पाच लाख डॉलर दंड आणि पाच वर्षांची देखरेख ही शिक्षा कागदावर किरकोळच होती. परंतु ज्या पेढीवर फौजदारी गुन्हा शाबीत झाला तिला सार्वजनिक कंपन्यांचे हिशेब तपासण्याची मुभा राहत नसल्याने ३१ ऑगस्ट २००२ पर्यंत तिने आपले परवाने परत केले, आणि एकट्या अमेरिकेतील सुमारे २८ हजार नोकरांना, ज्यांपैकी बहुतेकांनी एन्‌रॉनची एक वहीसुद्धा कधी उघडून पाहिली नसेल, दुसरीकडे आसरा शोधावा लागला.

पुढे ३१ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने रद्द केला. मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी लिहिलेल्या निवाड्याचा रोख फाडलेल्या कागदांकडे नव्हता, तो ज्यूरीला दिलेल्या सूचनांकडे होता. कायद्यातील ‘भ्रष्टबुद्धीने’ या शब्दाची नेहमीची व्याख्या सांगताना ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द त्यात असे. सरकारच्या आग्रहावरून तो गाळण्यात आला, आणि तपासात कोणताही अडथळा आणण्याचा हेतू पुरेसा आहे असे ज्यूरीला सांगण्यात आले. इतकेच नव्हे तर, आपले वर्तन कायदेशीर आहे असे आरोपी पेढीला प्रामाणिकपणे वाटत असले तरी तिला दोषी ठरविता येईल, असेही. न्यायालय म्हणाले की, दस्तऐवज जतन करण्याची धोरणे काही माहिती परक्यांच्या, प्रसंगी सरकारच्याही, हाती पडू नये म्हणूनच अंशतः आखलेली असतात, अशी धोरणे व्यापारात सर्वत्र रूढ आहेत, आणि सामान्य परिस्थितीत ती पाळण्यास नोकरांना सांगणे यात काही गैर नाही; गैर आहे ते आपण अन्याय करीत आहोत याची जाणीव असताना एखादी विशिष्ट सरकारी कारवाई दृष्टीसमोर ठेवून तसे करणे. ही जाणीव आणि ती कारवाई यांचा संबंध ज्यूरीने तपासलाच नव्हता. निकाल फिरला, पण तोवर पेढीचे केवळ नाव उरले होते.

या दोन निकालांच्या मध्ये कायदेमंडळ स्वस्थ बसले नव्हते. अँडरसनवरील निकालानंतर सहाच आठवड्यांनी, ३० जुलै २००२ रोजी, अध्यक्ष बुश यांनी सारबेन्स–ऑक्सली कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि व्हर्मॉन्टचे सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या पुढाकाराने त्यात घातलेल्या तरतुदीतून संघराज्याच्या कायदेसंहितेच्या अठराव्या खंडात कलम १५१९ जन्मास आले. जुन्या कायद्यातील भोक बुजविण्यासाठी बेतलेले हे कलम त्या भोकापेक्षा पुष्कळच मोठे निघाले. कोणताही अभिलेख, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू जाणूनबुजून नष्ट करणे, फाडणे, बदलणे, लपविणे, खोटी करणे किंवा तीत खोटी नोंद करणे, आणि तसे करण्यामागे संघराज्याच्या कोणत्याही खात्याच्या अखत्यारीतील तपासात अथवा कारभारात व्यत्यय आणण्याचा किंवा त्यावर प्रभाव पाडण्याचा इरादा असणे, एवढे पुरेसे आहे. तपास चालू असण्याची गरज नाही, तो पुढे होईल अशा कल्पनेने केलेले कृत्यही त्यात येते. शिक्षेची कमाल मर्यादा वीस वर्षे. जुन्या कलमातील ‘भ्रष्टबुद्धीने’ हा शब्द, ज्याच्यावर पुढे अँडरसनची सुटका झाली, तो या कलमात नाही.

अशा कायद्याची आवश्यकताच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेन्सिल्व्हेनियातील शेनान्डोआ या लहानशा खाणकामगारांच्या गावी २००८ च्या जुलैत मेक्सिकोहून आलेल्या लुईस रामिरेझ नावाच्या तरुणाला काही शाळकरी खेळाडूंनी रस्त्यात मारहाण केली आणि तो त्यात मरण पावला. त्या मुलांना वाचविण्यासाठी गावच्या पोलीस प्रमुखाने खोटे अहवाल तयार केले, असा आरोप शाबीत होऊन त्याला याच कलमाखाली दोषी ठरविण्यात आले. आपल्या अहवालाचा पुढे संघराज्याच्या तपासाशी संबंध येईल हे मला ठाऊक नव्हते, असा बचाव त्याने अपिलात केला. २०१२ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्यापूर्वी वर्षभर न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने, एका कैद्याला झालेल्या मारहाणीविषयी खोटे अहवाल लिहिणाऱ्या तुरुंगरक्षकांच्या खटल्यात, या कलमासाठी चालू किंवा नजीकची चौकशी असावीच लागत नाही असा निर्णय दिला होता. ज्याच्या हाती दंडुका आहे त्याच्याच हाती दप्तरही असले म्हणजे दुर्बळाला न्याय मिळण्याचा मार्ग त्या दप्तराच्या खरेपणावरच अवलंबून असतो, आणि अशा ठिकाणी हे कलम कठोर आहे याची मला खंत वाटत नाही.

खंत वाटते ती त्याच्या अमर्याद विस्ताराची, आणि तो विस्तार किती दूर जाऊ शकतो हे फ्लॉरिडातील एका कोळ्याच्या खटल्याने दाखवून दिले. २३ ऑगस्ट २००७ रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘मिस केटी’ नावाच्या मासेमारी नौकेवर एक अधिकारी चढला. रेड ग्रूपर जातीचा मासा तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान वीस इंच लांबीचा असावा लागे. अधिकाऱ्याने मोजमाप करून ७२ मासे आखूड असल्याचे ठरविले, ते लाकडी पेट्यांत वेगळे ठेवले आणि कप्तान जॉन येट्स यांना त्यांना हात न लावता बंदरात येण्यास सांगितले. चार दिवसांनी कोर्टेझ बंदरात पुन्हा मोजणी झाली तेव्हा पेट्यांत ६९ मासे निघाले आणि त्यांच्या लांब्या पहिल्या मोजणीशी जुळेनात. नौकेवरील एका खलाशाने सांगितले की, कप्तानाच्या हुकुमावरून मूळ मासे समुद्रात फेकून दुसरे आणून ठेवले. आखूड मासे पकडणे हे मुळात दिवाणी दंडाचे प्रकरण. परंतु जवळजवळ तीन वर्षांनी, मे २०१० मध्ये, येट्स यांच्यावर कलम १५१९ लावण्यात आले, कारण मासा ही ‘मूर्त वस्तू’ आहे आणि ती नष्ट करून त्यांनी संघराज्याच्या तपासात अडथळा आणला, असे सरकारचे म्हणणे. तोपर्यंत नियमातील किमान लांबी वीसवरून अठरा इंचांवर आली होती, आणि पहिल्या मोजणीतील एकही मासा अठरा इंचांहून आखूड नव्हता.

ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले आणि त्यांना तीस दिवसांची कैद झाली. येट्स यांच्या वकिलांनी अपिलात जो मुद्दा लढविला तो वस्तुस्थितीचा नव्हता, कायद्याच्या अर्थाचा होता: ‘अभिलेख’ व ‘दस्तऐवज’ या शब्दांच्या पंगतीला बसलेल्या ‘मूर्त वस्तू’चा अर्थ त्या शेजाऱ्यांच्या संगतीनेच घेतला पाहिजे, म्हणजे ज्या वस्तूत माहिती नोंदविलेली किंवा साठविलेली असते तीच येथे अभिप्रेत आहे. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे म्हणणे मान्य केले. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या निवाड्याला तिघांनी साथ दिली, न्यायमूर्ती अलिटो यांनी स्वतंत्र कारणे देऊन निकालापुरते सहमत होणे पसंत केले, आणि विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांनी मासा ही मूर्त वस्तू आहे हे सांगताना लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या डॉ. स्यूस यांच्या पुस्तकाचा दाखला दिला. भाषेच्या दृष्टीने केगन यांचा पक्ष दुबळा नव्हता. आणि त्यांनीही हे मान्य केले की, हे कलम अतिव्यापक आहे व अभियोक्त्यांच्या हाती अवास्तव सत्ता देते, मात्र तो दोष दुरुस्त करणे कायदेमंडळाचे काम आहे. ज्या कायद्याविषयी निकालाच्या दोन्ही बाजूंचे न्यायमूर्ती अशी अस्वस्थता व्यक्त करतात, त्याखाली खेचल्या गेलेल्या माणसाचा बचाव करणे म्हणजे अपराध्याला पाठीशी घालणे, असा समज कोणाचा असल्यास त्याने तो सोडून द्यावा.

आता प्रत्यक्ष बचावाकडे वळू. त्याची सुरुवात न्यायालयात होत नाही, ती तपासाची चाहूल लागते त्या दिवशी होते. त्या दिवसापासून धोरणानुसार चालणारी नेहमीची विल्हेवाटही थांबवावी लागते. कालपर्यंत जो नियम होता तोच आज पुरावा होतो. संगणकावर ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाणारे ई-मेल आणि संदेश यांना पहिला खोळंबा घालावा लागतो, कारण माणसाने काही केले नाही तरी यंत्र आपले काम करीत राहते आणि नंतर त्या यंत्राच्या कृत्याचा हेतू माणसाच्या माथी मारला जातो. जे कागद आहेत ते जसेच्या तसे ठेवणे, त्यांत सुधारणा करून ते ‘व्यवस्थित’ करण्याचा मोह टाळणे, आणि तपासनिसांशी वकिलाशिवाय न बोलणे, ही तीन पथ्ये त्या काळात सर्वांत महत्त्वाची असतात. तिसऱ्या पथ्याचे कारण असे की, संघराज्याच्या अधिकाऱ्याशी शपथेवाचून सहज बोलतानासुद्धा महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटे सांगणे हा तेथे वेगळा अपराध असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मूळ आरोप टिकला नाही तरी भेदरून बोललेले एक खोटे वाक्य टिकते. गप्प राहणे हा मात्र अपराध नव्हे. राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू देत नाही, आणि कागद हजर करणे ही कृतीसुद्धा प्रसंगी अशी साक्ष ठरू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वेब्स्टर हबेल यांच्या खटल्यात २००० साली मान्य केले. हे संरक्षण व्यक्तीला आहे, कंपनीला नाही. कंपनीचा दप्तरदार कंपनीचे कागद माझ्याच गळ्याशी येतील म्हणून अडवू शकत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळ नोकरांच्या फार उशिरा लक्षात येते ती ही, की कंपनीचा वकील हा कंपनीचा असतो, त्यांचा नसतो. त्याच्याजवळ मोकळ्या मनाने सांगितलेले गुपित कंपनी स्वतःच्या हितासाठी सरकारपुढे ठेवू शकते.

खटला उभा राहिल्यावर बचावाचा कणा म्हणजे कालक्रम. कोणत्या दिवशी कोणता ई-मेल आला, तो उघडला केव्हा, चौकशीची वार्ता या माणसाच्या कानी पडली केव्हा, आणि कागद गेला केव्हा, याची तारखेतारखेने मांडणी केली असता सरकारी पक्षाचे कथानक कधी अभेद्य ठरते तर कधी कोलमडून पडते. बँकेतील गुंतवणूक विभागाचे नामांकित अधिकारी फ्रँक क्वाट्रोन यांनी डिसेंबर २००० मध्ये जुन्या फायली साफ करण्याविषयीच्या एका सहकाऱ्याच्या ई-मेलला दुजोरा देणारे चार शब्द सर्वांना पाठविले. ग्रँड ज्यूरीची चौकशी सुरू असल्याचे त्यांना त्याआधी काही दिवस समजले होते. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, दुसऱ्यात २००४ साली ते दोषी ठरले आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च २००६ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. पुरावा अपुरा होता असे न्यायालयाने म्हटले नाही. उलट तो पुरेसा आहे असेच म्हटले. दोष होता तो पुन्हा सूचनांतच: नष्ट करावयाचे कागद हे त्याच चौकशीत मागितलेले आहेत हे आरोपीला ठाऊक असले पाहिजे, हा दुवा ज्यूरीपुढे नीट मांडला गेला नव्हता. पुढे त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. कृत्य आणि कारवाई यांच्यातील हा दुवा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच, अ‍ॅग्विलार नावाच्या एका न्यायाधीशाच्या खटल्यात, आवश्यक मानला होता. कलम १५१९ ला मात्र तो लागू करण्यास काही अपील न्यायालयांनी नकार दिला आहे, आणि म्हणून या कलमाखालील बचाव बहुतेक वेळा इराद्याच्या एकाच दरवाजातून आत शिरतो.

त्या दरवाजातून काय काय आणता येते? नष्ट झालेल्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या टेबलावर सुरक्षित होती आणि आरोपीला ते माहीत होते, तर दडविण्याचा हेतू कसा संभवतो? विल्हेवाट ठरल्या धोरणानुसार आणि ठरल्या तारखेस झाली, की वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले धोरण चौकशीची बातमी येताच एकाएकी आठवले? आरोपी वकिलाचा सल्ला घेऊन त्याप्रमाणे वागला असल्यास तोही बचाव होऊ शकतो, परंतु त्यासाठी वकिलाला सर्व वस्तुस्थिती प्रामाणिकपणे सांगितलेली असावी लागते, आणि तो मुद्दा उचलताच वकील व अशील यांच्यातील संभाषणाची गोपनीयता सोडावी लागते. हे शस्त्र दोन्ही बाजूंनी कापते याची जाणीव देऊनच चांगला वकील ते उपसतो. शिवाय आरोपीने निरपराधित्व सिद्ध करावयाचे नसते. वाजवी संशयाच्या पलीकडे अपराध शाबीत करण्याचे ओझे सरकारवर असते, आणि फौजदारी निकालासाठी बाराही ज्यूररांचे एकमत व्हावे लागते. आरोपीला अनुकूल असा जो पुरावा सरकारजवळ असेल तो त्याला देणे, हेही १९६३ च्या ब्रेडी खटल्यापासून अभियोक्त्याचे कर्तव्य मानले गेले आहे.

खोटी नोंद केल्याच्या आरोपात प्रश्न निराळा असतो. तेथे कागद हजर असतो, पण तो केव्हा आणि कोणत्या मनाने लिहिला गेला याचा वाद असतो. गृहसजावटीच्या क्षेत्रात घराघरांत पोहोचलेल्या मार्था स्टुअर्ट यांच्या २००४ च्या खटल्यात याची दोन उदाहरणे एकाच वेळी पाहावयास मिळाली. स्वतः त्यांनी चिटणिसाच्या संगणकावरील निरोपांच्या नोंदवहीत आपल्या शेअरदलालाच्या निरोपाचा मजकूर बदलला, आणि लगेच तो पूर्ववत करण्यास सांगितले. हे दोन्ही त्याच चिटणिसाने साक्षीत सांगितले, आणि पूर्ववत केल्याने पहिल्या कृतीची खूण पुसली गेली नाही. दलालाच्या एका कागदावर विवक्षित किमतीला शेअर विकण्याविषयीची टीप निराळ्या शाईत होती. ती नंतर घुसडली असा आरोप त्याच्यावर होता, आणि शाईचा तज्ज्ञ सरकारतर्फे साक्षीला उभा राहिला. ज्यूरीने इतर आरोपांवर दलालाला दोषी ठरविले, पण खोट्या दस्तऐवजाच्या आरोपातून मुक्त केले. त्या तज्ज्ञावरच पुढे खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, आणि तोही निर्दोष सुटला. निराळी शाई म्हणजे निराळी वेळ, आणि निराळी वेळ म्हणजे खोटी नोंद, ही साखळी दिसावयास सरळ असली तरी तिची प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते, कारण उशिरा लिहिलेले सारेच खोटे नसते.

हा सारा खल ज्यूरीपुढे होतो असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. संघराज्याच्या न्यायालयांत शंभरातील सुमारे ९७ आरोपसिद्धी गुन्ह्याच्या कबुलीतून होतात, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नमूद केले. वीस वर्षांच्या कमाल शिक्षेचे कलम डोक्यावर टांगलेले असताना, थोडक्या शिक्षेच्या बदल्यात कबुली द्या असा प्रस्ताव समोर आला म्हणजे निर्दोष माणसाचाही धीर खचतो; येट्स यांना अखेर तीस दिवसांचीच कैद झाली हे खरे, परंतु खटला लढविण्याचे ठरविताना आकडा वीसचाच दिसत असतो. डेव्हिड डंकन यांनी एप्रिल २००२ मध्ये गुन्हा कबूल केला होता आणि आपल्याच पेढीविरुद्ध सरकारतर्फे साक्षही दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने अँडरसनचा निकाल फिरविल्यावर असे दिसून आले की, ज्या अपराधाची त्यांनी कबुली दिली त्याच्या व्याख्येतील आवश्यक घटक त्या कबुलीत नव्हताच. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने त्यांना कबुली मागे घेऊ दिली. जाणत्या वकिलांनी वेढलेल्या माणसाची ही गत, तर तुरुंगात बसून जामिनाची वाट पाहणाऱ्या सामान्य आरोपीची काय होत असेल, या विचाराने मन उद्विग्न होते.

या क्षेत्रातील महत्त्वाचा अलीकडचा निवाडा जून २०२४ चा. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदभवनात घुसलेल्या जमावातील जोसेफ फिशर यांच्यावर, सारबेन्स–ऑक्सली कायद्यानेच निर्माण केलेल्या एका भगिनी-कलमाखाली, अधिकृत कामकाजात अडथळा आणल्याचा आरोप होता. सहा विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, एन्‌रॉनच्या उत्पातातून जन्मलेले ते कलम कामकाजात वापरावयाचे अभिलेख, दस्तऐवज अथवा तत्सम गोष्टी यांच्या उपलब्धतेला किंवा सचोटीला बाध आणणाऱ्या कृत्यांपुरतेच मर्यादित आहे. त्या दंगलीचा तिटकारा असणाऱ्यांनाही, आणि मी त्यांपैकी एक आहे, हा निर्णय मान्य करणे भाग आहे; नावडत्या आरोपीसाठी ताणलेला कायदा पुढे आवडत्या माणसापुरता आखडत नाही.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार सातासमुद्रापलीकडचा वाटण्याचा संभव आहे. परंतु अमेरिकेच्या बाजारात जाणारी औषधे आपल्याकडेही तयार होतात. तेथील अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक तारापूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यातील वेर्णा अशा ठिकाणच्या कारखान्यांत येतात, आणि प्रत्येक खेपेच्या उत्पादनाची नोंद, ज्याला कारखान्यात सर्वजण बॅच रेकॉर्ड म्हणतात, ती त्यांच्या तपासणीचा गाभा असते. २०१३ साली रॅनबॅक्सीच्या अमेरिकन शाखेने भारतातील दोन कारखान्यांच्या संदर्भात सदोष उत्पादन आणि प्रशासनाला दिलेली खोटी निवेदने यांचा गुन्हा कबूल केला, आणि दंड व तडजोड मिळून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. रात्रपाळीच्या रसायनज्ञाला कलम १५१९ चा आकडा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण चुकलेली नोंद कशी दुरुस्त करावी हे त्याला पहिल्या आठवड्यातच शिकविले जाते. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारावयाची, शेजारी बरोबर आकडा लिहावयाचा, कारण लिहावयाचे, आणि खाली स्वतःची सही करून आजचीच तारीख घालावयाची, कालची नव्हे. पुढे कधी त्या वहीवरून कोणावर बालंट आलेच, तर त्याचा वकील सर्वांत आधी ते पान मागतो.